दाणेकाका आणि पाच नंबरची पेटी

माणसं मुलाखतीत बोलून नोकरी मिळवतात. दाणेकाकांनी ती न बोलून मिळवली.

संशोधन संस्थेत पक्ष्यांच्या खोलीवर माणूस हवा होता. आधीच्या माणसाला शीळ घालायची सवय होती आणि ती काही केल्या सुटत नव्हती. जिथे पिल्लं गाणं कशी शिकतात याचाच अभ्यास चाललेला, तिथे हा पठ्ठ्या सकाळ-संध्याकाळ शिळा घालत फिरायचा. रेकॉर्डिंग लावलं की पक्षी कमी आणि हाच जास्त ऐकू यायचा. शेवटी त्याला बागकामावर पाठवलं. दाणेकाका समोर येऊन बसले तेव्हा संशोधन बघणाऱ्या मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्हाला बोलायची फार सवय आहे का?" काकांनी मान हलवली. "शीळ?" पुन्हा मान. "काम करताना गुणगुणता?" पुन्हा मान. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "उद्यापासून या."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगायला तोंड उघडलं. "मि… मि… मि…"

"मिळाली?" बायको म्हणाली आणि मशीनवरचं शिवण तसंच टाकून रडायला लागली. सांगायचं ते सांगून झालं होतं, त्यामुळे काका गप्प बसले.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

तर काका अडखळत बोलायचे. लहानपणापासून. शब्द आत तयार असायचा, अगदी धुऊन-पुसून ठेवलेला, पण दारातच अडायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि पहिलं अक्षर आपटत राहायचं. समोरचा माणूस वाईट नसायचा. उलट चांगलाच असायचा, म्हणून तर तो घाईघाईने शब्द पुरा करून द्यायचा. चांगल्या माणसांनी काकांचं फार नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात जाऊन त्यांनी "सा… सा…" म्हणावं, दुकानदाराने "साखर ना? एक किलो?" म्हणत पुडा बांधावा, आणि काकांनी मुकाट्याने तो घेऊन घरी यावं. हवा असायचा साबण. एकदा घरात सात किलो साखर साठली आणि अंघोळीला साबणाचा तुकडा उरला, तेव्हापासून बायको चिठ्ठी लिहून देऊ लागली.

बायको स्वतः बोलण्यात पटाईत. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चेन बसवता बसवता ती गिऱ्हाईकाची सात पिढ्यांची चौकशी करायची. नवऱ्याचं वाक्य कुठे चाललंय हे तिला पहिल्या अक्षरावरून कळायचं, निदान तिला तसं वाटायचं. चौतीस वर्षं ती त्यांची वाक्यं पुरी करत आली होती. मायेनेच करायची, त्यात खोट नव्हती. काकांनीही कधी तिला खोडून काढलं नाही. खोडून काढायलासुद्धा बोलावं लागतं.

पक्ष्यांच्या खोलीत मात्र काकांना कुणाची गरज नव्हती. सकाळी सहाला यायचं, बाहेरचे बूट काढून आतले चढवायचे, पांढरा कोट घालायचा, हात धुवायचे आणि दार अलगद लोटायचं. आत दीडशेच्या आसपास झेब्रा फिंच. चिमणीहून लहान पाखरं, लाल चोच, नरांच्या गालावर नारिंगी ठिपका. पिंजऱ्यातले कागद बदलायचे, पाण्याच्या बाटल्या घासायच्या, राळ्याचे दाणे फुंकर मारून फोलपटं उडवून भरायचे. पिल्लं असतील तिथे उकडलेलं अंडं कुस्करून ठेवायचं. त्या दाण्यांवरूनच सगळी संस्था त्यांना दाणेकाका म्हणायची. पलीकडे ध्वनिपेट्यांची खोली होती; तिथल्या पेट्यांना आतून जाड फोम लावलेला, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. दारावर पाटी होती: बोलू नये. काका त्या पाटीखालून जाताना नेहमी जरा सैल व्हायचे. जगात एवढी एकच खोली होती जिथे नियम त्यांच्या बाजूने होता.

मॅडम धबधब्यासारख्या बोलायच्या, पण खोलीबाहेर. त्यांनीच काकांना हळूहळू सगळं समजावलं होतं. "पिल्लू आधी नुसतं ऐकतं, काका. मग बडबडतं. धड ना सूर, ना ताल. मग त्यातूनच बापाचं गाणं बाहेर पडतं. आपल्या बाळांचं असंच तर असतं! पाखराच्या डोक्यात हे कसं होतं ते कळलं, तर बाळ बोलायला कसं लागतं याचं थोडंफार कोडं सुटेल." गातात ते फक्त नर. पिल्लाने साधारण तीन महिन्यांच्या आत गाणं उचललं तर उचललं. मग ते पक्कं होतं आणि जन्मभर तेच गाणं.

काकांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. एका नराचा तिसरा सूर अडकायचा. गाणं नीट सुरू व्हायचं, आणि तिसऱ्या सुराशी येऊन टिट्-टिट्-टिट्-टिट् करत राहायचं, मग पुढे सरकायचं. त्याचा मुलगा मोठा झाला आणि त्याचं गाणं मॅडमनी संगणकाच्या पडद्यावर रेघांमध्ये काढलं. तिसऱ्या सुराशी तेच. मॅडमनी टाळी वाजवली. "बघा काका, बापाची खोडसुद्धा उचलली! जशीच्या तशी!" पुढे त्या मुलाच्या मुलाने उचलली, त्याच्या मुलाने उचलली. संस्थेतले लोक गमतीने त्याला अडखळी घराणं म्हणू लागले.

सगळे हसले, काकाही हसले, पण लगेच पाण्याच्या बाटल्या घासायला निघून गेले.

कारण त्यांची स्वतःची लेक तीन वर्षांची असताना काही महिने अडखळली होती. "मला मला मला" करायची. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, "बापाचं उचललं पोरीने." तेव्हापासून काकांनी लेकीसमोर बोलणं जवळपास सोडलं. लेकीचं अडखळणं आपोआप गेलं, मुलांचं जातं तसं. पण काकांना वाटलं, आपण गप्प बसलो म्हणून गेलं. आणि आता तर हे लाल चोचीचं टीचभर पाखरू पुरावा घेऊन समोर बसलं होतं. काकांनी मनाशी गाठ मारली. आपलं तोंड लहान मुलासमोर उघडायचं नाही.

ती गाठ कुणाला टोचतेय हे भिंगरी येईपर्यंत काकांना कळलं नाही.

भिंगरी म्हणजे लेकीची लेक. एका जागी बसायची नाही, स्वतःभोवती गोल गोल फिरायची आणि मग धपकन पडून हसायची, म्हणून भिंगरी. जावई जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. लेक रुग्णालयात नर्स. मूल दीड वर्षाचं झालं तशी ती आईबापांकडे राहायला आली. सकाळी भिंगरी पाळणाघरात, आणि एक वाजता कामावरून सुटलेले काका तिला घेऊन घरी यायचे. एक ते सहा, रोज पाच तास, दोघंच.

आजोबा म्हणून काकांचं कुठे काही कमी नव्हतं. भात मऊ करून भरवायचे. ठोकळ्यांचे मनोरे बांधायचे आणि तिने पाडले की छातीवर हात मारून बेशुद्ध पडायचे. तिच्या बाहुलीचा तुटलेला हात त्यांनी पक्ष्यांच्या पायात घालायच्या रंगीत कडीने जोडला होता. फक्त बोलायचे नाहीत. बोट दाखवायचे, भुवया उडवायचे, हं म्हणायचे. आणि बोलणं कानावर पडावं म्हणून दुपारभर रेडिओ लावून ठेवायचे. बातम्या, शेतीसल्ला, आरोग्यविषयक गप्पा, सगळं स्वच्छ, सगळं न अडखळता. काकांना वाटायचं, आपण नातीला उत्तमातला उत्तम आवाज दिलाय. रेडिओवर त्यांनी कापडाचा छोटा रुमालसुद्धा घातला होता.

भिंगरी सव्वादोन वर्षांची झाली. आई, दे, नाही, आणि गाडीला ऊं. एवढाच साठा. आजोबांना आबासुद्धा म्हणायची नाही. बोट दाखवायची, भुवया उडवायची, हं म्हणायची.

लेक तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कान तपासले, ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, काही मुलं उशिरा बोलतात. कारणं पुष्कळ असतात, कधी काहीच नसतं. तीन महिन्यांनी परत आणा, तोवर फरक नसेल तर पुढच्या तपासण्या करू. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "दिवसभर तिच्याशी कोण बोलतं?"

घरी आल्यावर लेकीने हाच प्रश्न काकांना विचारला. ती गणवेशाच्या घड्या घालत होती.

"बाबा, दुपारी तुम्ही बोलता ना तिच्याशी?"

"हं," काका म्हणाले. जन्मात त्यांनी फार खोटं बोलल्याचं मला ठाऊक नाही. बोलणंच कमी, त्यात खोटं कुठून येणार. पण हे एक अक्षर खोटं होतं.

लेकीने मान वर केली नाही. "नाही म्हणजे, माझ्याशी तुम्ही कधी बोलला नाहीत ना, म्हणून विचारलं. आईच बोलायची. मला लहानपणी वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय." मग घाईने म्हणाली, "जाऊ दे. आता कळतं मला. तुम्हाला बोलणं जिवावर येतं."

तसं नाही गं, असं काकांना सांगायचं होतं. बोलणं जिवावर येतं म्हणून नाही. तू जिवापेक्षा प्यारी होतीस म्हणून. पण एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या दारातून कधी बाहेर पडणार? ते उठले आणि भिंगरीचे ठोकळे आवरायला लागले.

त्याच सुमाराला ध्वनिपेट्यांच्या खोलीत दोन महिन्यांपासून एक नवा प्रयोग चालू होता. आठ पेट्या, आठ पिल्लं. चार पेट्यांत गाणं शिकवायला एक छोटा स्पीकर. त्यातून संस्थेतल्या सगळ्यात सुरेल नराचं गाणं दिवसभर वाजायचं, अगदी निर्दोष. उरलेल्या चार पेट्यांत पिल्लाजवळ एकेक जिवंत नर. चांगले गाणारे नर तीनच उरले होते. पाच नंबरच्या पेटीसाठी कुणी मिळेना, तेव्हा काकांनी अडखळी घराण्यातला एक म्हातारा आणून ठेवला. पायात एक लाल, एक पिवळी कडी. मॅडम म्हणाल्या, "याचा तिसरा सूर अडकतो. पण असू दे, पिल्लाला सोबत तर होईल." काकांना ते पिल्लू पाहून वाईट वाटलं. सात जणांना स्वच्छ गाणं आणि या एकाच्या नशिबी म्हातारा तोतरा.

पेट्यांना काचेची छोटी खिडकी होती. दाणे भरून झाले की काका तिथून डोकवायचे आणि नोंदवहीत लिहायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. लिहिताना कुणी मध्ये तोंड घालत नाही ना.

तीन नंबरच्या पेटीतलं पिल्लू स्पीकरसमोर पहिले काही दिवस मान वाकडी करून बसलं. मग सरावलं. गाणं वाजतंय, पिल्लू पंख साफ करतंय. गाणं वाजतंय, पिल्लू डुलक्या काढतंय. काकांनी तसंच लिहिलं.

पाच नंबरच्या पेटीत निराळाच प्रकार. पिल्लू म्हाताऱ्याला इतकं चिकटून बसायचं की तो दांडीवरून सरकत सरकत टोकाला जायचा. तो गायला लागला की पिल्लू थेट त्याच्या चोचीकडे बघायचं. तिसरा सूर अडकला की तेही तिथेच थांबायचं, हलायचं नाही, आणि सूर सुटला की पंख झटकायचं. पुढे पिल्लू बडबडायला लागलं तेव्हा म्हातारा मान वळवून त्याच्याकडे बघायचा. बडबड भिकार होती, पण तो ऐकायचा. काकांनी लिहिलं: आज पिल्लू बोललं, नराने मान वळवली, पिल्लू पुन्हा बोललं. हे त्यांनी त्या आठवड्यात अकरा वेळा लिहिलं. त्याचा अर्थ काय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. माणूस दुसऱ्याच्या घरात जे बघतो ते त्याला आपल्या घरात दिसत नाही.

नव्वदाव्या दिवशी मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. "काका, तुम्ही ऐकायलाच हवं. तुमच्या नोंदी नसत्या तर मला काही कळलं नसतं." आणि त्यांनी तीन नंबरच्या पिल्लाचं गाणं लावलं.

गाणं कसलं, खिचडी होती. इथला सूर तिथे, मध्येच खरखर, पुढे काहीच नाही. तीन महिने निर्दोष गाणं कानावर पडूनही पिल्लाने त्यातलं फारसं काही घेतलं नव्हतं. बाकीच्या तीन स्पीकरवाल्यांचं कमी-जास्त तसंच.

मग पाच नंबर लावला. पहिला सूर, दुसरा सूर, टिट्-टिट्-टिट्-टिट्, आणि पुढे सगळं गाणं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. एक पूर्ण, धडधाकट, अडखळणारं गाणं.

"स्पीकर काय हो, बोलतो पण ऐकत नाही," मॅडम म्हणत होत्या. "पिल्लाला समोर कुणीतरी लागतं. आपलं ऐकणारं."

काकांना घरातला रेडिओ दिसला. वरच्या रुमालासकट. ते खुर्ची ओढून मॅडमसमोर बसले.

"काय झालं? पाणी देऊ?"

"ना… ना… ना…"

"नाश्ता नाही केला?"

काकांनी मान हलवली. "ना… ना…"

"नातीला बरं नाही? रजा हवीय? घ्या की, त्यात काय विचारायचं!"

काकांनी कपाळावर हात मारला. मग नोंदवही पुढे ओढली. चोवीस वर्षांत त्या वहीत त्यांनी पाखरांशिवाय कुणाविषयी अक्षर लिहिलं नव्हतं. पाच नंबरच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं: "माझी नात सव्वादोन वर्षांची आहे. बोलत नाही. दुपारी मी असतो, पण मी तिच्याशी बोलत नाही, रेडिओ लावतो. मी बोललो तर तिला माझं अडखळणं लागेल का? लेकीशीही याच भीतीने बोललो नाही."

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "ती त्या पहिल्या पिल्लाची गोष्ट. मी टाळी वाजवली होती. तेव्हापासून?"

काकांनी मान डोलावली.

"अहो, पाखरावरून थोडं कळतं, सगळं नाही. माणसाचं तोतरेपण ऐकून लागत नाही. कुणाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात जात नाही ते. रक्तातून थोडं येत असेल, पण ते यायचं असेल तर तुम्ही गप्प बसलात म्हणून थांबत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. "तुमची नात का बोलत नाही ते मला सांगता येणार नाही. मी पाखरांची डॉक्टर आहे. पण तुम्ही घरी जा, तो रेडिओ बंद करा, आणि तिच्यासमोर बसा. बस, एवढंच. मला विचारायचं तरी होतं हो, वीस वर्षांपूर्वी!"

विचारायचं होतं हे खरं, पण विचारणार कसं? काका उठले. दारात वळून त्यांनी मॅडमना हात जोडले आणि ते पाळणाघराकडे निघाले.

त्या दुपारी त्यांनी रेडिओ बंद केला. खोली एवढी शांत झाली की भिंगरी फिरायची थांबली आणि आजोबांकडे बघू लागली. काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. काय बोलावं? आयुष्यभर बोललो नाही, आता सुरुवात कुठून करावी? त्यांनी खिशात हात घातला. खिशाच्या शिवणीत नेहमीसारखे चार राळ्याचे दाणे अडकलेले होते. त्यातला एक त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

"दा…" काका म्हणाले. "दा… दा… दा…"

मान ताठ झाली. डोळे मिटले. सवयीने ते वाट बघू लागले की आता समोरून शब्द येईल, कुणीतरी पुरा करील, आणि सुटका होईल. कुणी पुरा केला नाही. त्यांनी डोळे उघडले. भिंगरी जागची हलली नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ओठ त्यांच्यासारखेच किंचित उघडे ठेवून. तिच्या चेहऱ्यावर ना कीव होती ना घाई. तिच्यापाशी शब्दच नव्हता, ती पुरा काय करणार? आजोबा काढतील तो घ्यायला ती बसली होती.

सबंध जगात हे एकच माणूस होतं ज्याला काकांचं वाक्य आधीपासून माहीत नव्हतं.

"दा… दाणा," काका म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. भिंगरीने त्यांचं नाक पुसलं, दाणा असलेल्याच हाताने, त्यामुळे दाणा नाकाला चिकटला. ती हसली. काका हसले. त्यांनी नाकाकडे बोट दाखवून पुन्हा सांगितलं. दाणा. या वेळी जरा लवकर आला.

मग मात्र काका सुटलेच. पन्नास वर्षांचं साठलेलं होतं. पहिला आठवडा नुसत्या वस्तू: पाणी, चमचा, बूट, खिडकी. दुसऱ्या आठवड्यापासून पाच नंबरच्या पेटीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर दोन मिनिटांत संपली असती. काकांना अख्खी दुपार लागायची. शब्द अडला की ते तळहात वर करून "थांब" म्हणायचे. तिला थांब म्हणायची काही गरज नव्हती, ती थांबलेलीच असायची. पण ते काकांना फार आवडायचं. जन्मात कुणाला त्यांनी थांब म्हटलं नव्हतं. आणि भिंगरी मध्येच काही बडबडली, अगदी भिकार बडबड, तरी काका मान वळवून ऐकायचे.

पंधरा दिवसांनी ती दा म्हणाली. मग आबा म्हणाली, आणि ते घोकत दिवसभर गोल फिरली. महिन्याभरात लेकीने दारामागे यादी लावली. वीस शब्द झाले. ते काकांमुळे झाले, की वेळ आली म्हणून झाले, कोण सांगणार? मॅडम म्हणाल्या, एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही. काका काहीच म्हणाले नाहीत. घरातल्या मोठ्यांसमोर ते पूर्वीसारखेच होते, हं आणि मान. बोलणं फक्त दुपारचं, बंद दाराआड. बायको दुकानात, लेक कामावर. दोघींना याचा पत्ता नव्हता.

मग एक रविवार आला. चौघंही जेवायला एकत्र, असं क्वचितच व्हायचं. बायको तिच्या एका गिऱ्हाईकाची गोष्ट सांगत होती, लेक हसत होती, भिंगरी उंच खुर्चीत भात सांडत होती. काकांनी भाजीचा एक घास घेतला आणि थांबले. काय झालं कुणास ठाऊक, दुपारची वेळ होती म्हणून असेल, समोर भिंगरी होती म्हणून असेल. त्यांनी तोंड उघडलं.

"मी… मी… मी…"

"मीठ हवंय," बायको म्हणाली. म्हणेपर्यंत तिने मिठाची बरणी उचललीसुद्धा, झाकण उघडलं, आणि चिमूट काकांच्या ताटावर धरली.

"आजी, थांब!"

बायकोचा हात तिथेच राहिला. लेकीने मान वळवली. उंच खुर्चीत भिंगरी भाताने माखलेला तळहात वर करून बसली होती. तो हात कुणाचा होता हे काकांना कळायला वेळ लागला नाही. तसाच समोर धरलेला, तशीच बोटं किंचित वाकलेली. दोन शब्द तिने एकापुढे एक कधी ठेवले नव्हते.

"आजी, थांब," तिने समजावून सांगितलं. "आबा बोलतो."

आणि ती आजोबांच्या तोंडाकडे बघत बसली, ओठ किंचित उघडे ठेवून.

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती बापाकडे बघत होती. कुणाशी बोलतात बाबा, कधीपासून, हे तिला त्या दोन वाक्यांत कळलं होतं. तिने घास खाली ठेवला आणि भिंगरीसारखीच हात मांडीवर घेऊन बसली. बायकोने चिमूट परत बरणीत टाकली. तोंडाशी आलेले तीन-चार शब्द तिने गिळले, ते तिच्या गळ्यावरून खाली जाताना दिसले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ती वाट बघत होती.

काकांना घाई नव्हती. मान ताठ झाली, डोळे मिटले, ‘मी’ने चार-पाच धडका दिल्या. कुणी हललं नाही. मग दार उघडलं.

"मी… मीठ जास्त झालंय," काका म्हणाले.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग बरणीकडे बघितलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला वरून…"

काकांनी तळहात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "अ… अजून आहे." आणि ते लेकीकडे वळले.